एका रेणूचा हंगाम

(बीड जिल्ह्यातल्या पाटोदा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर विज्ञान शिकवत राहिले. त्यांच्याविषयी बोलतील असे त्यांचे विद्यार्थी या सभागृहात पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा जिव्हाळ्याने बोलतील. मी रसायनशास्त्राची शिक्षिका. सरांना आवडलं असतं तेच आज करते. एक धडा शिकवते.

धडा एकाच रेणूचा आहे. सुक्रोजचा, म्हणजे आपल्या साखरेचा. कार्बनचे १२ अणू, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११. मुलं हे सूत्र पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. पाटोद्यात मात्र ते विसरून चालत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरचे लोक आगाऊ घेतलेली उचल फेडायला ऊसतोडीला निघतात. पीठमीठ, भांडीकुंडी, शेरडं, लहान लेकरं, सगळं ट्रकमध्ये चढतं. गाडी सांगली-कोल्हापूरला जाते, नाहीतर कर्नाटकात उतरते. कधी निघायचं, रात्री किती वाजता उठायचं, कोयता जमिनीपासून किती उंचीवर मारायचा, हे टोळीचा मुकादम सांगतो. मुकादमाला साखर कारखाना सांगतो. आणि कारखान्याला हे सारं या रेणूच्या वागण्यावरून ठरवावं लागतं. ज्या लेकरांचे आईबाप या रेणूपायी पाच-सहा महिने घराला कुलूप लावतात, त्या लेकरांना तो मुळापासून समजला पाहिजे, एवढंच मला आज सांगायचं आहे. तो समजून घेण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

सुरुवात सोप्या प्रश्नाने करू. उसाचं एवढं वजन येतं कुठून? कोणत्याही वर्गात विचारा, बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येतं, मातीतून. चारशे वर्षांपूर्वी युरोपातले विद्वानही असंच मानत होते. यान बाप्टिस्ट फान हेल्माँट नावाच्या एका संशोधकाने मग एका मोठ्या कुंडीत २०० पौंड कोरडी माती मोजून भरली, तिच्यात ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती अवघी दोन औंसांनी, म्हणजे साधारण ५७ ग्रॅमने कमी भरली. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, ही नोंद छापली गेली. झाड मातीतून वाढत नाही, हे त्याने अचूक ओळखलं. ते पाण्यातून वाढतं हा त्याचा निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर होता, कारण हवेचा हिशोब त्याने धरलाच नव्हता.

तो हिशोब आपण इथेच करू. अणुभार तुम्हाला पाठ आहेत. कार्बनचा १२, हायड्रोजनचा १, ऑक्सिजनचा १६. सुक्रोजचा रेणुभार होतो ३४२ आणि त्यात कार्बनचा वाटा १४४. म्हणजे शंभरातले बेचाळीस. शंभर किलोच्या साखरेच्या पोत्यात ४२ किलो कार्बन असतो आणि तो सगळाच्या सगळा हवेतून आलेला असतो. पानाच्या पर्णरंध्रांतून आत गेलेला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी ओढलेलं पाणी आणि वरचं ऊन, यांच्यापासून ती साखर झालेली असते. हवेत या वायूचं प्रमाण दहा हजार भागांत चार-सव्वाचार भाग इतकंच आहे. इतक्या विरळ कार्बनमधून फडच्या फड उभे राहतात, हे मला चाळीस मिनिटांचा तास संपल्यावरही नवलाचं वाटत राहतं.

ऊस हे काम इतर पिकांपेक्षा वेगळ्या रीतीने करतो. १९६०च्या दशकात हवाई बेटांवर ह्यूगो कॉर्टशाक उसाच्या पानांना किरणोत्सारी कार्बन देऊन तो पहिल्यांदा कोणत्या संयुगात दिसतो ते पाहत होते. तोवर पुस्तकांत लिहिलेलं होतं की पहिलं संयुग तीन कार्बनांचं असतं. उसात मात्र ते चार कार्बनांचं निघालं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ साली त्यामागचा मार्ग मांडला. चार कार्बनांच्या त्या पहिल्या संयुगावरून त्याला सी-४ मार्ग म्हणतात. त्यामागचं कारण असं. हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को नावाचं विकर उन्हाळ्यात चुका करतं. ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं आणि केलेल्या कामातलं बरंच वाया घालवतं. उसाने यावर तोड काढली आहे. पानाच्या बाहेरच्या पेशी आधी कार्बन चार-कार्बनी आम्लात बांधून घेतात, ते आम्ल शिरेभोवतीच्या पेशींत पोचवतात आणि तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा करतात. रुबिस्को तिथे बसलेलं असतं. त्याच्याभोवती हा वायू इतका दाट होतो की चूक करायला वावच राहत नाही. पर्णरंध्रंही कमी उघडी ठेवून भागतं, त्यामुळे तेवढाच पाला-खोड बनवायला गहू, तूर किंवा कापसाच्या मानाने साधारण निम्मं पाणी पुरतं.

इथे कुणीतरी मनात म्हणत असेल, मग ऊस पाणी पितो म्हणून ओरड कशाला? ओरड रास्त आहे. ऊस बारा-बारा, अठरा-अठरा महिने रानात उभा असतो आणि एकरी वजनही प्रचंड देतो, म्हणून एकूण पाणी अतोनात लागतं. पण हाच सी-४ मार्ग आणखी कोणाकडे आहे, ठाऊक आहे? आपल्या बाजरीकडे आणि ज्वारीकडे. बालाघाटाच्या हलक्या मुरमाड रानात, दोन पावसांवर उभी राहणारी बाजरी तेच रसायन वापरते आणि तीन महिन्यांत काम उरकून मोकळी होते. मांजरा नदी आपल्याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. तिच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला आणि २०१६च्या एप्रिलमध्ये त्याच खोऱ्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. तेव्हा सलग दुष्काळ होता, सगळा दोष उसावर ढकलणं बरोबर नाही. पण कोणत्या रानात कोणतं पीक घ्यायचं हा प्रश्न पेशीशास्त्राचाही आहे, आणि तो विचारताना बाजरीला कमी लेखू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पान सोडून खोडाकडे येऊ. पानात तयार झालेलं सुक्रोज कांड्यांत उतरतं आणि तिथल्या पेशींच्या रिक्तिकांत साठतं. शेंड्याकडची कांडी कोवळी असतात, त्यांना वाढायचं असतं. तिथे सुक्रोज फोडलं जातं आणि वाढीसाठी खर्च होतं. बुडख्याकडची कांडी जुनी, पक्व. तिथे साठा पूर्ण भरलेला असतो. म्हणून वाढ्याजवळचा ऊस पचपचीत लागतो आणि बुडखा गोड. थंडी पडली की उसाची वाढ मंदावते, पण दिवसा ऊन असतंच, त्यामुळे पान साखर बनवत राहतं. खर्च कमी, शिल्लक जास्त. गाळपाचा हंगाम हिवाळ्यात येतो तो याच कारणाने. तुमच्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागतं, त्यामागे थंडीत मंदावलेली ही पेशींची वाढ आहे.

आणि कारखाना जमिनीलगत तोडणीचा आग्रह धरतो, तोही याच कारणाने. चार बोटं बुडखा वर राहिला तर सर्वांत गोड भाग फडातच राहिला. फडात काम करणाऱ्या बाईकडे नीट पाहा. डाव्या हाताने ऊस धरायचा, कमरेतून पूर्ण वाकायचं, कोयता मातीला टेकेल असा मारायचा, सरळ व्हायचं, पाचट काढायचं, वाढं छाटायचं, ऊस बाजूला टाकायचा, पुन्हा वाकायचं. असं दिवसभर. हे वाकणं बुडख्यातल्या साखरेच्या प्रमाणाने ठरवलेलं आहे. पाचटाच्या धारेत सिलिका असते, वाळूत असते तीच. ती धार हाताला कापते आणि पानाच्या बुडाशी असलेली कूस अंगात रुतते. उसाने जनावरांपासून आणि किडींपासून बचावासाठी अंगावर बाळगलेलं हे हत्यार. त्याचे वार माणसावर होतात.

ऊस तुटला, आता घाई का होते? हा माझ्या धड्याचा गाभा आहे.

सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची एका जुवाला जुंपलेली जोडी. दोघांचाही रेणुभार १८०. बेरीज ३६०, पण जोडणी होताना पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८, बाहेर पडतो. उरतात ३४२. उलट, पाण्याचा एक रेणू परत आत शिरला की जोडी सुटते. यालाच जलअपघटन म्हणतात. ते आपोआप फार सावकाश होतं. पण उसात इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं, आणि विकराचं कामच मुळी सावकाश होणारी अभिक्रिया भराभर घडवणं. ऊस उभा आणि पक्व असताना या विकराचा जोर कमी असतो. कोयता बसला की बंधन सुटतं. कापलेल्या टोकांतून पाणी उडू लागतं, ऊन लागतं, विकर जोर धरतं. शिवाय कापलेल्या जागेतून ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात आणि साखर खाऊन तिचा चिकट, बुळबुळीत डेक्स्ट्रान बनवतात. एकदा जोडी सुटली की ती कारखान्याच्या पॅनमध्ये पुन्हा जुळत नाही. सुटलेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज स्फटिक होत नाही, ते मळीत जातं. त्या मळीपासून इथेनॉल होतं हे खरं, पण साखरेचं पोतं तेवढं हलकं होतं. गुऱ्हाळावरच्या माणसाला हे पुस्तकाविना ठाऊक असतं. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही, ढेप घाम सोडते.

म्हणून तुटलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा अशी कारखान्याची धडपड असते. म्हणून गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. कोपीत झोपलेलं लेकरू उठून रडलं तरी आई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असते. कारखान्यात रस येताच त्यात चुना घालतात, कारण रस आम्लधर्मी असतो आणि आम्लातही जोडी सुटते. पुढे प्रयोगशाळेत रस नळीत भरून त्यातून ध्रुवित प्रकाश सोडतात. सुक्रोज प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं, सुटलेल्या जोडीचं मिश्रण डावीकडे. किती वळलं त्यावरून साखर किती ते कळतं. दहावी-बारावीच्या मुलांनो, ध्रुवणमापी हे काही प्रश्नपत्रिकेपुरतं यंत्र नव्हे. उसाचा सरकारी भाव साखर उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्याला, बांधलेला आहे. २०२५-२६च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये धरला होता.

तोडणीचा दर मात्र उताऱ्यावर नाही, वजनावर आहे. २०२४च्या जानेवारीत झालेल्या करारानंतर तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. टनभर उसातून १०० ते ११० किलो साखर निघते. भागाकार करून पाहा. आपण दुकानातून जी किलोभर साखर आणतो, तिच्या तोडणीचे या दराने साडेतीन रुपयांच्या आसपास होतात. त्यातही तोडलेला ऊस फडात वाळला तर त्याचं वजन घटतं, आणि ती घट कोयत्याच्या मजुरीतूनही जाते. बाष्पीभवनाचा धडा शाळेत असतो. वजनाच्या पट्टीवरचा आकडा वाचणाऱ्या माणसाला तो धडा आला पाहिजे.

जलअपघटनाची हीच अभिक्रिया दुसरीकडे कुठे होते? तुमच्या-माझ्या लहान आतड्यात. तिथे सुक्रेज नावाचं विकर असतं. पहाटे कोपीत चहा होतो, त्यातली साखर आतड्यात फुटते आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. जी फूट कारखान्याला नुकसान, तीच शरीराला जगवणारी. मोठ्या माणसाच्या शरीरात पाच लिटर रक्त धरलं, तर एका वेळी त्यात ग्लुकोज असतं जेमतेम पाच ग्रॅम. एक चमचा. बाकीचा साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात असतो. पेशीत ग्लायकोलायसिस, मग तंतुकणिकेत क्रेब चक्र, मग एटीपी. हे तुमच्या दहावीच्या पुस्तकात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या पाठात आहे आणि तुम्हाला ते रुक्ष वाटतं. कोयता उचलणारा प्रत्येक हात त्या चक्रावर चालतो. आणि त्या चक्रातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पुन्हा उसाच्याच पानात शिरू शकतो.

शरीराची कहाणी इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. उन्हात घाम जातो, घामाबरोबर पाणी आणि मीठ जातं, रक्त दाट होतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा तरुण ऊसतोड्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली डॉक्टरांना आढळली. एल साल्वादोरमधून २००२ साली ती गोष्ट प्रथम छापून आली. तिथे आता पाणी, सावली आणि ठरावीक वेळाने विसावा यांचे उपाय लावून पाहिले जात आहेत. आपल्या फडांवर पाण्याची सोय फडाच्या मालकाच्या मर्जीवर असते, आणि बाया पाणी कमी पितात, कारण आडोसा नसतो. लघवी दाबून ठेवली, पाळीच्या दिवसांत स्वच्छ पाणी मिळालं नाही, तर जंतुसंसर्ग होतो. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. हे जीवशास्त्र आहे, आणि हा संसर्ग बहुधा औषधांनी बरा होण्याजोगा आहे.

त्याऐवजी काय झालं ते आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची माहिती गोळा केली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा जणींत एक. ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलेलं त्यातल्या कितीतरी जणींनी बोलून दाखवलं. इथे मला प्रत्येक मुलीने आणि प्रत्येक मुलानेही ऐकावं असं दोन मिनिटं सांगायचं आहे. गर्भाशय हा स्नायूंचा अवयव आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना असलेले अंडाशय इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करतात, आणि ते संप्रेरक हाडांतलं कॅल्शियम राखतं. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर पस्तिशीतल्या बाईचं शरीर एका दिवसात रजोनिवृत्तीच्या पलीकडे जातं. हाडं ठिसूळ होऊ लागतात. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. आणि ही बाई शस्त्रक्रियेनंतर पुन्हा त्याच फडात, त्याच बुडख्यासाठी कमरेत वाकते. जंतुसंसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग ओळखायला साधी तपासणी असते, एवढं जरी एखाद्या घरातल्या नववीतल्या मुलीला पक्कं ठाऊक असतं, तरी तिने आईबरोबर दवाखान्यात बसून एक प्रश्न विचारला असता. ही चूक त्या आयांची नव्हे. शिकवायचं काम आमचं होतं आणि प्रजननसंस्थेचा धडा आला की आम्ही शिक्षक तो ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देत आलो. सरांनी तो कधी सोडला नाही, असं त्यांच्या विद्यार्थिनींनी मला सांगितलं आहे.

हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे राहणारी मुलं दहावीची परीक्षा देतात तेव्हा बहुतेकांचे आईबाप फडातच असतात. या मुलांना विज्ञानाचं उदाहरण शोधायला पुस्तकाबाहेर जावं लागत नाही, त्यांचं घरच ते आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे की कर्बोदकं शिकवताना ऊस घ्या आणि श्वसन शिकवताना सीताफळ घ्या. २०१६मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या रेषा रुंद झालेलं कडक फळ काढून ठेवलं की त्याचा श्वसनाचा वेग वाढतो, ते इथिलीन वायू सोडतं, त्याने स्टार्चची साखर होते आणि दोन-चार दिवसांत ते मऊ पडतं. कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवणारा याच अभिक्रियेची घातक नक्कल करत असतो, आणि कायद्याने त्याला बंदी आहे. बिया मात्र फोडू नका. त्यांतली संयुगं किडे मारतात आणि भुकटी डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते. या मोसमातली बरीचशी सीताफळं पिकेपर्यंत ती तोडणारे हात दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेले असतात.

उद्या सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत आपण एक काम करणार आहोत. चार दिवसांपूर्वी तोडून उन्हात ठेवलेला एक ऊस आणि उद्या पहाटे तोडलेला एक ऊस आणायला सांगितलं आहे. दोन्हींच्या बुडख्याचं एक कांडं आणि वाढ्याजवळचं एक कांडं, असे चार रस निघतील. प्रत्येकाचे दहा थेंब परीक्षानळीत घ्यायचे, सारखंच पाणी घालायचं, त्यात निळं बेनेडिक्ट द्रावण दोन मिलिलिटर टाकायचं आणि चारही नळ्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायच्या. अखंड सुक्रोज बेनेडिक्टला दाद देत नाही, द्रावण निळंच राहतं. फुटलेली जोडी मात्र हिरवा, पिवळा, नारिंगी असे रंग दाखवत विटकरीपर्यंत जाते. ताज्या बुडख्याची नळी सर्वांत निळी राहावी आणि शिळ्या वाढ्याची सर्वांत तांबडी व्हावी, असा माझा अंदाज आहे. मधल्या दोन नळ्यांचा क्रम मी सांगणार नाही. ज्यांचे आईबाप यंदा फडात आहेत त्यांनी पुढे बसावं, नळ्या त्यांनी धरायच्या आणि रंग त्यांनी वहीत लिहायचे. साडेसातला सुरुवात करू, कारण नऊ वाजता दहावीचा वर्ग आहे.